फॉर्मवर ‘सरकारी नोकरी, कार्यालयीन काम’ कुणी लिहिलं?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. मिस्टर हवाई दलात विंग कमांडर, मालवाहू विमानाचे पायलट, वय 40, कमिशन मिळून 18 वर्षं झाली. सध्या पोस्टिंग जोरहाटला. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. मुलीची शाळा चार वेळा बदलल्यावर या ताई तीन वर्षांपूर्वी मुलांना आणि सासूबाईंना घेऊन ठाण्यात स्थिरावल्या. आता घरात असं चाललंय, की मिस्टरांनी या वर्षी हवाई दल सोडायचं, विमान कंपनीत लागायचं, आणि नवी मुंबई विमानतळ सुरू झालाच आहे तर उलव्यात 1 कोटी 15 लाखांचा टू बीएचके घ्यायचा. 25 लाख डीएसओपीतून, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून, आणि 90 लाख कर्ज. एक लाख टोकन देऊन झालंय. करार याच महिन्यात करावा की नोकरी बदलेपर्यंत थांबावं, एवढंच त्यांनी विचारलंय.

ताई, उलव्याकडे येतो. पण तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती वाचून मी बाकीचं पत्र बाजूला ठेवलं. तुम्ही लिहिता, ‘विम्याची काळजी नाही, दोन पॉलिसी आहेत. पायलट लिहिलं तर हप्ता वाढतो म्हणून बँकेतल्या ओळखीच्या माणसाने फॉर्मवर सरकारी नोकरी, कार्यालयीन काम असं लिहून दिलं.’

फॉर्म त्याने भरला, पण सही तुमच्या मिस्टरांची आहे. उद्या काही झालं तर कंपनी त्या माणसाला विचारणार नाही, तो कागद तुमच्यापुढे ठेवेल.

विमा कायद्याचं कलम 45 असं सांगतं, की पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर चुकीच्या माहितीच्या कारणावरून कंपनीला ती खोटी ठरवता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र येते. महत्त्वाची माहिती चुकीची दिली, पण त्यात फसवणूक नव्हती असं ठरलं, तर दाव्याची रक्कम मिळत नाही, फक्त भरलेले हप्ते परत मिळतात. तुमची एक पॉलिसी 2016 ची आहे, वर्षाला 60 हजार हप्ता, विमा 12 लाखांचा. ती तीन वर्षांच्या पलीकडे गेली. दुसरी ‘हमखास उत्पन्न’वाली, वर्षाला 3 लाख, विमा 30 लाखांचा, तिला फक्त 22 महिने झालेत. म्हणजे आज 30 लाखांऐवजी 6 लाख हातात, आणि तेसुद्धा कंपनीने फसवणूक मानली नाही तर.

मग अजून 14 महिने गप्प बसू, असं कुणीतरी तुम्हाला नक्की सुचवेल. ऐकू नका. ते 14 महिने तुमचे मिस्टर ईशान्येच्या डोंगरांवरून विमान नेणार आहेत. शिवाय कलम 45 चुकीच्या माहितीपुरतं आहे. पॉलिसीतच जर लिहिलं असेल, की तिकीट काढून प्रवास करणारा प्रवासी सोडून इतर विमान अपघातांना संरक्षण नाही, तर ती अट तीन वर्षांनीही तशीच राहते. अपघाती मृत्यूच्या रायडरमध्ये, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणात, ती बहुधा असतेच. दोन्ही पॉलिसींच्या पुस्तिकांमध्ये वगळलेल्या गोष्टींचं पान आज रात्रीच काढून बघा.

आता समजा सगळे दावे सरळ मंजूर झाले. 12 आणि 30, एकूण 42 लाख. ठाण्याच्या घराचं कर्ज 38 लाख शिल्लक आहे. उरले 4 लाख, आणि घरखर्च तुम्हीच महिना 1 लाख 10 हजार लिहिलाय. यासाठी तुम्ही वर्षाला 3 लाख 60 हजार भरता. असल्या पॉलिसींचा परतावा हिशेब मांडला तर पाच-साडेपाच टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही, आणि संरक्षण हे असं. ज्या घरातला कर्ता माणूस विमान उडवतो त्या घराला हे गळ्यात मारणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आज तुम्हाला खरा आधार आहे तो एअर फोर्स ग्रुप इन्शुरन्सचा आणि सेवेत असल्यामुळे मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनच्या हक्काचा. नोकरी सोडली की सेवेतलं हे कवच तसंच पुढे चालत नाही.

म्हणून पहिलं काम, 2 कोटींचा साधा टर्म इन्शुरन्स. फॉर्म मिस्टरांनी स्वतः भरायचा. हुद्दा, विमानाचा प्रकार, एकूण उड्डाणाचे तास, पुढे नागरी विमान उडवण्याचा इरादा, सगळं खरं लिहायचं. कंपनी जादा हप्ता लावेल. माझ्या अंदाजाने सगळं मिळून वर्षाला लाखाच्या आसपास जाईल, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. एकीने नाही म्हटलं तर दुसरीकडे अर्ज करा, पण पहिला नकारही तिथे लिहा. उड्डाण वगळलेलं नाही हे पॉलिसीत वाचून घ्या. ती हातात आल्यावर 3 लाखांवालीचा पुढचा हप्ता थांबवा. मात्र जुन्या कंपनीला खरा व्यवसाय लेखी कळवायला थांबू नका, ते पत्र याच आठवड्यात जाऊ दे. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर काय मिळेल आणि सरेंडर करून बंदच केली तर काय, हेही त्याच पत्रात विचारा. 6 लाखांतला काही भाग जाईल. अजून आठ हप्ते, म्हणजे 24 लाख, अडकण्यापेक्षा तो गेलेला बरा.

आता नोकरी. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी 20 वर्षं सेवा लागते. तुमची 18 झाली आहेत. मूळ वेतन 1 लाख 45 हजार आणि मिलिटरी सर्व्हिस पे 15,500, म्हणजे 1 लाख 60 हजार धरा. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे 80 हजार, वर महागाई भत्ता. हे वयाच्या 42 व्या वर्षापासून आयुष्यभर, त्यांच्यानंतर तुम्हाला फॅमिली पेन्शन, आणि उपचारांसाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. महागाईबरोबर वाढणारं एवढं उत्पन्न स्वतः उभं करायचं तर साडेतीन-चार कोटी जमवावे लागतील. विमान कंपनीत 4 लाख मिळतील असं तुम्ही धरलंय, आत्ता हातात 2 लाख 30 हजार येतात. दोन वर्षांचा फरक कर न कापता 40 लाख. त्यातूनही टाइप रेटिंगचे, म्हणजे कंपनीचं ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचे, 15-20 लाख बहुधा स्वतः भरावे लागतील, नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या परीक्षा आणि क्लास वन मेडिकल आहे, हजारो तास उडवलेला माणूसही आधी को-पायलट म्हणूनच लागतो, आणि मधले काही महिने पगार नसेल. शिवाय हवाई दल मुदतीआधी सोडायला परवानगी लागते. ती तुमच्या कराराच्या तारखेप्रमाणे येणार नाही.

म्हणून ‘आणखी दोन वर्षं हवाई दलातच थांबा’, असं मी इथे बसून लिहितोय. तेवढ्यात मुलगी आठवीत जाईल, हे मला दिसतंय. बदलीचा अर्ज जरूर करा. हवाई दलाचं स्टेशन ठाण्यात कोलशेतलाही आहे. पण तिथे उड्डाण थांबलं तर फ्लाइंग अलाउन्स आणि नागरी परवान्यासाठी लागणारा अलीकडचा उड्डाणाचा अनुभव यांचं काय होईल, ते दोघांनी बसून ताडून बघा. बदली नाहीच झाली तर दिवाळी आणि मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन तुम्ही जोरहाटला जा. त्यांच्या 60 दिवसांच्या वार्षिक रजेचे तुकडे मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक पाहून पाडा. या प्रवासासाठी महिन्याला 25 हजार बाजूला काढायला मी आनंदाने सांगेन.

हे पैसे उलव्यात जात होते म्हणूनच तो फ्लॅट आत्ता नको. 90 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 78 हजार. भाडं फार तर 25 हजार. म्हणजे महिन्याला 53 हजार खिशातून, वर स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि जीएसटीचे 13-14 लाख वेगळेच. ते पत्रात कुठेच नाहीत. बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते विमानतळ, नवी मुंबईच मिळेल हेही तुम्ही गृहीत धरलंय, पण बेस कंपनी ठरवते. दरवर्षीच्या मेडिकलवर ज्याचा परवाना अवलंबून आहे, त्याच्या डोक्यावर दोन घरांची कर्जं ठेवायला माझं मन घेत नाही. मिस्टर विमान कंपनीत लागले की लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे मेडिकलमुळे परवाना गेला तर पैसे देणारा, विमाही घ्या.

आणि उलव्यात राहणार कोण? तुमची शाळा, मुलांची शाळा, सासूबाईंचे डॉक्टर, सगळं ठाण्यात. पहाटे चारला ड्युटी असली तर ठाणे-बेलापूर रस्ता मोकळाच असतो. विमान कंपनीतही रात्री परगावी जातातच, मात्र आठवड्याला सलग 48 तास विश्रांतीचा नियम आहे, आणि ते 48 तास त्यांना ठाण्यातल्या घरातच मिळू देत.

टोकन परत मागा. बुकिंग फॉर्मवर रद्द करण्याच्या अटी काय आहेत ते वाचून ईमेल पाठवा, फोनवर बोलू नका. लाखातले काही हजार कापले तरी वाद घालत बसू नका. डीएसओपीला हात लावू नका. टाइप रेटिंग, बिनपगारी महिने आणि मुलीचं कॉलेज, तिन्ही त्यातूनच निघायचं आहे. 3 लाखांवालीचा पुढचा हप्ता कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. दोन महिन्यांवर असावा, तेव्हा टर्मचा अर्ज या रविवारी मिस्टर फोनवर असतानाच भरायला घ्या.