बैठं घर, बेताचा खर्च: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: परभणी जिल्ह्यात 650 चौरस फुटांचं घर बांधतोय. जमीन काळी आहे. गवंडी म्हणतात, एकच तर मजला आहे, चार फूट पाया पुष्कळ झाला. बरोबर आहे का?

पाया फुटांवर ठरत नाही, तळाला काय लागतं त्यावर ठरतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. बैठं घर हलकं असल्यामुळे फुगणाऱ्या मातीला ते दाबून धरू शकत नाही, म्हणून भिंतींना तिरक्या भेगा पडतात. आधी दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघा. पाच-सहा फुटांवर घट्ट मुरूम लागला तर पाया तिथवर न्या. मुरूम फार खोल असेल तर सगळीकडे चर खणण्यापेक्षा तळाशी फुगीर असलेले, साडेतीन मीटरच्या आसपास खोलीचे पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेऊन वर बीम (आडवी तुळई) टाकणं स्वस्त पडू शकतं. ते डिझाइन मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्या. या बीमखाली तीन इंच पोकळी सोडावी लागते, नाहीतर माती फुगून बीमलाच खालून ढकलते.

जोत्यात भर कसली पडतेय, यावर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. खणून काढलेली काळी मातीच परत आत लोटायची सवय सगळीकडे आहे. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फरशी उचलली जाते ती त्यामुळे. भर मुरमाचीच हवी, सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसून. घराभोवती चार फूट रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरणार नाही.

प्रश्न: कॉलम-बीम न घेता विटांच्या भिंतींवरच स्लॅब टाकला तर चालेल का?

जमीन चांगली असेल, खोल्या 10-12 फुटांच्या असतील आणि पुढेमागे वर मजला चढवायचा नसेल, तर 9 इंची भिंत पुरते. कॉलमच्या सळया आणि सेंट्रिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) खर्च वाचतो. पण लिंटलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरला पाहिजे: 3 इंच जाड, आत 10 मिमीच्या दोन सळया, कोपऱ्यात वळवून एकमेकींवर चढवलेल्या. फक्त दारं-खिडक्यांवर तुकडे टाकण्याचा मोह आवरा. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटून त्या कोसळल्या होत्या. भिंत नुसती जाड असून भागत नाही, ती बांधलेली लागते. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवा.

विटा आणखी वाचवायच्या असतील तर वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप रचना बघा. वीट उभ्या कडेवर ठेवून आत पोकळी सोडतात, त्यामुळे सुमारे 25 टक्के विटा कमी लागतात. त्यासाठी विटा एकसारख्या मापाच्या हव्यात. भट्टीच्या वेड्यावाकड्या विटांवर हा प्रयोग करू नका.

प्रश्न: स्लॅबच्या खर्चात कुठे बचत होईल?

जाडी सारखी राखण्यात. 650 चौरस फुटांच्या 5 इंची स्लॅबला साधारण 2.7 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) काँक्रीट लागतं, म्हणजे 1:1.5:3 (सिमेंट:वाळू:खडी) मिश्रणात 60-62 गोण्या सिमेंट. सेंट्रिंग इंचभर खाली बसलं की 54 घनफूट काँक्रीट आणि 12 गोण्या जास्त जातात, शिवाय भिंतींवर पावणेचार टन बोजा वाढतो. म्हणून आदल्या दिवशी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी तपासा.

मिक्सरवाल्याला सांगा, गोणीमागे 25-28 लिटर पाणी, तेही वाळू ओली असेल तर कमी. पसरायला सोपं जावं म्हणून बिगारी बादलीभर जास्त ओततात, आणि गळका स्लॅब तिथेच तयार होतो. स्लॅबमध्ये भिंतींवर येणाऱ्या वरच्या सळया घमेली नेताना तुडवल्या जातात. त्यांना खुर्च्या (सळई वाकवून केलेले आधार) द्या आणि चालायला फळ्या टाका. दुसऱ्या दिवसापासून वाफे बांधून किमान 10 दिवस पाणी भरून ठेवा.

प्रश्न: कॉलमवाल्या घरात पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सळया सोडून ठेवाव्यात का?

पाच वर्षांत बांधणार असाल तर सोडा, पण 12 मिमीच्या सळईला दोन फूट पुरतात. त्यांना सिमेंटचा पातळ लेप देऊन कमी सिमेंटच्या कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून टाका. उघड्या सळईच्या मुळाशी पावसाचं पाणी मुरतं, गंज चढून ती फुगते आणि कॉलमचं डोकं फोडते. मजल्याचा नक्की बेत नसेल तर सळया सोडूच नका. आणि सोडायच्याच असतील, तर पाया दोन मजल्यांच्या हिशेबाने काढलाय का ते इंजिनिअरला आजच विचारा.