दीर्घिका धडका घेऊन वाढतात की वायू पिऊन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान दीर्घिका (गॅलक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह) गिळून मोठ्या वाढतात, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग साधारण 10 अब्ज वर्षांपूर्वी विश्वात ताऱ्यांचा सुकाळ होता आणि आज तारे बनण्याचा वेग जेमतेम एक दशांशावर आलाय, तो का? धडका कमी झाल्या म्हणून?

धडका कमी झाल्या हे खरंच. पण मुख्य उत्तर तिथे नाही असं माझं मत आहे. धडकांची चित्रं देखणी असतात, व्हिडिओत छान दिसतात, म्हणून त्यांना नको तेवढा भाव मिळतो. आपल्या आकाशगंगेनेही सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी एक बरीच मोठी शेजारीण गिळली होती; ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाइया उपग्रहाच्या मोजमापांवरून 2018 मध्ये ते उघड झालं. त्या दीर्घिकेचे तारे आजही वेगळ्याच चालीने फिरताना सापडतात. शेजारच्या देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेशी होणारी टक्कर मात्र आता तितकी पक्की राहिलेली नाही. पूर्वी ती अटळ मानत. 2025 मधल्या नव्या गणिताप्रमाणे पुढच्या 10 अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी आहे.

तारा बनायला लागतो तो थंड वायू. शाळेतलं हौदाचं गणित आठवा. एक नळ पाणी आत सोडतो, दुसरा बाहेर काढतो, तर हौद किती वेळात रिकामा होईल? दीर्घिकेचंही तसंच आहे. बाहेरून वायू आत येतो, थंड होऊन अणुरूप हायड्रोजन बनतो, त्याचे दाट ढग होऊन रेणुरूप हायड्रोजन, आणि त्यातून तारे. काही वायू स्फोटणारे तारे आणि मधलं कृष्णविवर बाहेर फेकून देतात. आकाशगंगेत आज वर्षाला एक-दोन सूर्यांइतकेच तारे बनतात.

गणित सोपं आहे, पण हौदात पाणी किती, हेच दूरच्या दीर्घिकांबाबत माहीत नव्हतं. ताऱ्यांचा उजेड दिसतो. रेणुरूप वायूचा अंदाज कार्बन मोनॉक्साइडवरून बांधता येतो. अणुरूप हायड्रोजन मात्र ओळखायचा तो 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरीवरून, आणि ती भलतीच क्षीण. एखादा अणू ती लहर सोडतो सरासरी 1 कोटी वर्षांतून एकदा! अणूंची संख्या अफाट म्हणून काहीतरी हाती लागतं, तेही जवळच्या दीर्घिकांतून.

इथे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण येते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती आखली तेव्हा दूरच्या हायड्रोजनचा शोध हे तिच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक होतं. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे 1420 मेगाहर्ट्झची ही लहर 8 अब्ज वर्षांचा प्रवास करून आपल्यापर्यंत येते तेव्हा उतरून 700 मेगाहर्ट्झच्या आसपास आलेली असते. सुधारित जीएमआरटीला हा पट्टा छान ऐकू येतो.

तरीही एकेका दीर्घिकेचा आवाज गोंगाटात बुडूनच जातो. म्हणून आदित्य चौधरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी 7,653 दीर्घिका एकत्र घेतल्या. ही युक्ती मला फार आवडते. प्रत्येक दीर्घिकेचं अंतर वेगळं, म्हणून प्रत्येकीची पट्टी वेगळी. कोणाची पट्टी कोणती, हे हवाईमधल्या केक दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांवरून आधीच ठाऊक होतं. मग सगळ्यांना एका पट्टीत आणायचं आणि आवाज मिळवायचे. गोंगाट कुठेही वरखाली होतो, त्यामुळे बेरजेत तो विरतो; सूर मात्र एकावर एक चढत जातो. हा निबंध ऑक्टोबर 2020 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. स्वरूप त्याच्या आदल्याच महिन्यात गेले होते.

निकाल काय, तर त्या दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन सरासरीने जवळपास ताऱ्यांच्या वस्तुमानाइतका होता. वाचायला भरपूर वाटतं. पण तारे बनण्याचा वेगही एवढा होता की बाहेरून भर पडली नाही तर हा साठा 1 ते 2 अब्ज वर्षांत संपावा. म्हणजे खर्च जोरात, आणि आत येणारा नळ त्याला पुरा पडला नसावा. ताऱ्यांच्या दुष्काळाचं बहुधा हेच कारण, असं त्यांनी मांडलं. लक्षात घ्या, ही सरासरी आहे. एखाद्या दीर्घिकेचं नशीब यातून सांगता येत नाही. नंतर याच गटाने 510 तासांची निरीक्षणं आणि 11,419 दीर्घिका घेऊन हे काम आणखी पुढे नेलं.

नळ बारीक का झाला, यावर अजून वाद आहेत. दीर्घिकेभोवतीचं कृष्णद्रव्याचं (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या पदार्थाचं) आवरण साधारण 1,000 अब्ज सूर्यांइतकं जड झालं की आत पडणारा वायू धक्क्याने तापतो आणि लवकर निवत नाही, हे एक कारण. कृष्णविवराजवळून सुटणारे झोत त्या वायूला तापवत ठेवतात, हे दुसरं. प्रचंड लंबवर्तुळी दीर्घिकांमध्ये दुसरं अधिक चालत असावं, असं मला वाटतं.

आणि हौद दणकून भरत होता तेव्हा काय होत असे, तेही पाहा. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांत एक दीर्घिका शोधली, नाव ठेवलं अलकनंदा. विश्व अवघं दीड अब्ज वर्षांचं असताना हिचे दोन सर्पिल बाहू इतके रेखीव, की बघणारा चाट पडतो. तारे बनतात वर्षाला सुमारे 60 सूर्यांइतके. मोठमोठ्या धडका बसत असत्या तर अशी नेटकी चकती टिकणं अवघड, म्हणून थंड वायूची शांत, सतत आवक ही शक्यता पुढे येते. पण एखादी छोटी शेजारीण जवळून गेल्यानेही असे बाहू फुटू शकतात. चकती कशी फिरतेय ते मोजलं की त्यातलं खरं कोणतं याचा अंदाज येईल. ते मोजमाप अजून व्हायचंय.