रस्ता झाला, ॲम्ब्युलन्सही आली, तरी अडलेली बाई उशिरा का पोचते?

गावात डांबरी रस्ता आणि बोलावली की येणारी ॲम्ब्युलन्स असूनही बाळंतिणी दवाखान्यात वेळेवर का पोचत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं ग्रामीण भागात प्रसूती विभागात नर्स आहे. माझ्या मते जास्त वेळ गाडीत बसायच्या आधी आणि गाडीतून उतरल्यावर जातो.

आधीचा वेळ घरातला. बाळ रडलं की सगळे त्याच्याभोवती. आईच्या अंगाखालची चादर उचलून कुणी बघत नाही. बाळंतपणात रक्त जायचंच, हे खरंच. पण अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर तो अतिरक्तस्राव, आणि जाड अंथरूण तेवढं रक्त सहज पिऊन टाकतं, वर नुसता डाग दिसतो. नाडी पळत असते, ओठ पांढरे पडलेले असतात, आणि घरचे म्हणतात, दमलीय, झोपू दे तिला. उपचार मिळाले नाहीत तर अशी बाई दोनेक तासांतही जाऊ शकते. त्यातला एक तास ‘नवरा येऊ दे, मग ठरवू’ यात संपतो.

सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी 1994 साली हे तीन उशिरांत मांडलं: ठरवायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. तिसऱ्याबद्दल आम्ही दवाखान्यातली माणसं कमी बोलतो. इमारत असते, पण भूलतज्ज्ञ सुट्टीवर, रक्त नाही. गर्भाशय आकसायला देतात ते ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज जाऊन फ्रिज बंद राहिला तर त्याचा जोर कमी होतो, आणि बाटलीकडे बघून ते कळत नाही. मग ‘पुढे न्या’. म्हणून पाठवताना आधी फोन करावा, आणि बेड आहे का एवढंच न विचारता भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहे का, या गटाचं रक्त आहे का, हे विचारावं.

एकदा झटके येणारी एक बाई आमच्याकडे आली, आमचं दार तिसरं. सोबत दोन चिठ्ठ्या, दोन्हींवर फक्त ‘पुढील उपचारासाठी’. झटके थांबवायचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, दिलं होतं की नाही, किती, कधी, काहीच नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘कमरेत दोन इंजेक्शनं दिली.’ कसली, ते त्याला कुठून माहीत असणार? हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून पाय आपोआप उडतो का, हा प्रतिक्षेप आधी तपासत बसलो.

तेव्हापासून मी डोस आणि वेळ चिठ्ठीवर तर लिहितेच, शिवाय बाईच्या मनगटावर चिकटपट्टी लावून तिच्यावरही पेनाने लिहिते. चिठ्ठ्या गाडीतच राहतात.