'रंगसंगती छान आहे' याच्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न : मी बारावीत आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली, पुढे बीएफए (ललित कलेची पदवी) करायचंय. क्लासमध्ये सर एखादं प्रसिद्ध चित्र दाखवून त्यातले मूलघटक आणि संयोजनाची तत्त्वं लिहायला सांगतात. 'रंगसंगती छान, समतोल साधलाय' एवढं लिहून मी अडते. बाबा म्हणतात, चित्र काढणाऱ्याला लिहून काय करायचंय?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : रेषा, आकार, रंग, पोत, समतोल, लय, विरोध ही यादी तुला पाठ आहे, आणि तिथेच घोळ होतोय. चित्र नीट बघायच्या आधीच तू रकाने भरायला घेतेस. यादी थोडा वेळ बाजूला ठेव.

सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' घे. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं ते चित्र तू नक्की पाहिलं असशील. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. आपल्या मुलीला समोर उभं करून हळदणकरांनी ते 1945-46च्या सुमारास रंगवलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आता फक्त तिचा हात बघ. ज्योत तळव्याआड आहे, तरी बोटांच्या कडा लालसर उजळल्यात, जणू उजेड कातडीतून झिरपतोय. तिथून नजर चेहऱ्यावर जाते, मग साडीच्या चुण्यांवरून उतरत अंधारात विरते. हे आधी साध्या शब्दांत लिही. मग नावं दे : उजेड-काळोखाचा विरोध, त्यामुळे हाताला आणि चेहऱ्याला आलेलं प्राधान्य, चुण्यांची लय. आणि हे चित्र जलरंगातलं आहे! पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगवता राखलेला कोरा कागद, हे तुझ्या हाताला ठाऊक आहे. ते लिहिलंस की उत्तर तुझं स्वतःचं होईल. पाठांतर करणाऱ्याला ते सुचणार नाही.

बाबांचं म्हणणं मला पटत नाही. बीएफएला कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र लेखी असतं. मुलाखतीत स्वतःच्या कामाबद्दल विचारतात, तेव्हा 'हा रंग इथेच का?' याला उत्तर द्यावं लागतं. जाहिरात क्षेत्रात गेलीस तर ग्राहकापुढे तेच करायचंय. शिवाय बघून लिहिण्यात गोडी वाटली तर तो वेगळा रस्ताच आहे : बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला इतिहासाची स्वतंत्र पदवी आहे. पुढे संग्रहालयं, कलादालनं, लिलावगृहं, कलासमीक्षा. यातल्या जागा कमी असतात आणि सुरुवातीचा पगारही बेताचा, हे बाबांना आधीच सांगून ठेव.

सरावासाठी जपानी चित्रकार होकुसाईची 'ग्रेट वेव्ह' घे. 1831च्या सुमाराचा हा जपानी लाकडी ठशाचा छाप, जेमतेम 25 बाय 37 सेंटिमीटरचा. जपानातला सगळ्यात उंच डोंगर फुजी, तो इथे लाटेच्या पोकळीत एवढासा दिसतो. का, ते शोध. लाटेच्या फेसाचा आकार आणि फुजीवरचं बर्फ शेजारी शेजारी ठेवून बघ. तीन होड्याही नीट बघ, त्यातली माणसं कशी वाकलीत ते. वीस मिनिटं नुसतं बघायचं, मग दहा ओळी लिहायच्या. त्यात 'छान' हा शब्द एकदाही नको. लिहून झालं की मला पाठव, मी वाचून कळवेन.