वाचकांचे प्रश्न : वेळापत्रक आहे, तरी बेअरिंग का जातात?

प्रश्न : चाकण औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभाग सांभाळतो. ग्रीसिंगचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले आहे आणि ऑइलमन त्यावर नियमित खूण करतो. तरीही मोटारींचे व कन्व्हेयरचे बेअरिंग वरचेवर जातात, आणि पावसाळ्यात गिअरबॉक्समधले ऑइल दुधाळ होते. व्यवस्थापन आता महाग सिंथेटिक ऑइल घेण्याच्या विचारात आहे. त्याने फरक पडेल का? – एक वाचक, चाकण

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणे पाहता ऑइलचा दर्जा हे मूळ दुखणे असेल असे मला वाटत नाही. तापमान सतत जास्त राहते किंवा ऑइल बदलण्यासाठी यंत्र सहसा थांबवता येत नाही, अशा ठिकाणी सिंथेटिक ऑइलचा पैसा वसूल होतो. पण ज्या उघड्या, धूळ बसलेल्या कॅनमधून आज साधे ऑइल ओतले जाते त्याच कॅनमधून उद्या महाग ऑइल ओतले, तर बेअरिंगच्या वाट्याला तीच धूळ येणार. म्हणून खरेदी थोडी लांबवा आणि ड्रम गेटातून आत आल्यापासून वंगण निपलपर्यंत, म्हणजे यंत्रावरच्या ग्रीस भरण्याच्या तोंडापर्यंत, कसे पोहोचते, हे एकदा स्वतः सोबत चालून पाहा.

भिंतीवरच्या वेळापत्रकातून ग्रीस कधी मारले एवढेच कळते. किती मारले, याची नोंद बहुतेक कारखान्यांत कुठेच नसते, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथेच होते. ग्रीस जास्त झाले की ते बेअरिंगमध्ये घुसळले जाऊन तापते, त्यातले तेल सुटते, सील बाहेर ढकलले जाते, आणि मोटार असेल तर ग्रीस वाइंडिंगपर्यंत, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांपर्यंत, जाते. पुनर्भरणाची मात्रा काढण्याचा सर्वमान्य हिशेब सोपा आहे : बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ०.००५ ने गुणायचे, म्हणजे ग्रॅममध्ये उत्तर मिळते. ६३१२ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास १३० आणि रुंदी ३१ मिलिमीटर असते. म्हणजे साधारण २० ग्रॅम. आता तुमची ग्रीस गन एका स्ट्रोकला, म्हणजे दांडा एकदा दाबल्यावर, किती ग्रीस देते, हे छोट्या वजनकाट्यावर पाहा. दहा स्ट्रोकचे ग्रीस कागदावर काढून तोलायचे आणि दहाने भागायचे. एका स्ट्रोकला सव्वा ग्रॅम येत असेल, तर या बेअरिंगला १६ स्ट्रोक लागतील. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या गनमधून याच्या दुप्पटही ग्रीस येऊ शकते, त्यामुळे प्रत्येक गन वेगळी तोलून तिच्यावर आकडा रंगवून ठेवावा आणि वेळापत्रकात प्रत्येक निपलसमोर स्ट्रोकची संख्या लिहावी. निपल पुसल्याशिवाय गन लावायची नाही, आणि मोटारीला ग्रीस बाहेर पडण्याचा प्लग दिलेला असल्यास तो आधी उघडायचा. झेडझेड किंवा टूआरएस प्रकारची बंद बेअरिंग कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात. ती वेळापत्रकातून काढून टाका.

दुसरी तपासणी ग्रीसच्या जातीची करावी. मोटारींच्या बेअरिंगमध्ये अनेकदा पॉलियुरिया ग्रीस असते आणि बाकी शेडमध्ये लिथियमचे. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्यास मिश्रण पातळ होऊन बेअरिंगमधून वाहून जाऊ शकते. दोन्हींसाठी वेगळ्या रंगाच्या गन ठेवा.

दुधाळ ऑइलचा अर्थ त्यात पाणी शिरले आहे, आणि त्याची सुरुवात बहुधा ड्रम ठेवण्याच्या पद्धतीत सापडते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या डोक्यावर कडेच्या आत पावसाचे पाणी साचते. ऊन पडले की आतली हवा फुगून बाहेर जाते आणि सर आली की ड्रम थंड होऊन बुचाच्या आट्यांमधून तेच साचलेले पाणी आत ओढतो. बूच घट्ट असले तरी हे घडते. ड्रम छपराखाली आडवे ठेवावेत, आणि दोन्ही बुचे घड्याळातील ३ व ९ च्या जागी येतील असे पाहावे, म्हणजे ती आतून ऑइलखाली राहतात. गिअरबॉक्सही आपल्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या झडपेतून, असाच श्वास घेतो. तिथे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचा ब्रीदर बसवा आणि दाण्यांचा रंग पालटला की तो बदला. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत पाइपने पाणी मारून शेड धुण्याची पद्धत असेल, तर ती धार गिअरबॉक्सच्या सीलवर आणि ब्रीदरवर जात नाही ना, हेही पाहा.

नव्या ड्रममधले ऑइल स्वच्छच असते असे समजू नये. हायड्रॉलिक टाकीत ते फिल्टर लावलेल्या पंपानेच भरावे. आयएसओ ४४०६ या मानकानुसार ऑइलमधील ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांची मोजणी होते आणि प्रत्येक आकारासाठी एक अंक दिला जातो. तो अंक एकाने वाढला की त्या आकाराच्या कणांची संख्या सुमारे दुप्पट होते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही हे कण असतात.

आता माणसाविषयी. बहुतेक ठिकाणी ऑइलमनचे काम सर्वांत नव्या, कंत्राटी हेल्परकडे जाते आणि तो कामात मुरेपर्यंत बदलतो. हे मला मनापासून खटकते, कारण कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला नियमाने हात लावणारा तो एकमेव माणूस असतो. बेअरिंग हाताला जास्त गरम लागले, आवाज बदलला, सीलखाली ओघळ दिसला, हे सर्वांत आधी त्यालाच समजते. त्याच्या तक्त्यात ‘काय दिसले’ असा एक रकाना जोडा आणि सुपरवायझरने तो त्याच दिवशी वाचावा.

व्यवस्थापनाला पटवायचे असेल, तर १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला दिलेल्या अहवालाचा आधार घ्या. घर्षण, झीज आणि वंगण यांविषयीचे ज्ञान उद्योगांनी नीट वापरले, तर वर्षाला ५१.५ कोटी पौंडांची बचत होईल, असा अंदाज त्या समितीने मांडला होता, आणि ती बचत मुख्यतः आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी अमलात आणण्यावर अवलंबून होती.

प्रश्न : आमचे भोसरीत छोटे वर्कशॉप आहे. गिअरबॉक्सचे ऑइल काळे दिसले की आम्ही बदलतो. हे बरोबर आहे का? – एक वाचक, भोसरी

उत्तर : केवळ रंगावरून ठरवू नये. काळपट ऑइल अजून चांगले असू शकते आणि स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलची श्यानता, म्हणजे दाटपणा, घसरलेली असू शकते. तुमचे ऑइल व्हीजी २२० या श्यानतेच्या श्रेणीचे असेल, तर नव्या ऑइलची श्यानता ४० अंश सेल्सिअसला १९८ ते २४२ सेंटिस्टोक या मर्यादेत असते. प्रयोगशाळेतील तपासणीत श्यानता, पाणी, आम्लता आणि झिजलेल्या धातूचे प्रमाण कळते, आणि हा खर्च प्रत्येक वेळी अख्खे ऑइल बदलण्यापेक्षा बहुधा कमी पडतो. नमुना ड्रेन प्लगमधून घेऊ नका, कारण तळाचा गाळ त्यात येतो. यंत्र थांबवल्यावर लगेच, ऑइल गरम असताना, पातळीच्या मध्यातून आणि दर वेळी त्याच जागेवरून स्वच्छ बाटलीत तो घ्यावा. एकाच अहवालावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. लागोपाठचे अहवाल शेजारी ठेवले की लोखंडाचे प्रमाण चढते आहे की स्थिर आहे हे दिसते. काढलेले ऑइल भंगारवाल्याला देऊ नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे, आणि त्याची पावती जपून ठेवावी.