एकल वादक की बासरीची शिक्षिका?

सांगलीहून एका आईने लिहिलं आहे: "मुलगी 10वीत आहे. पाच वर्षं बासरी शिकते, गंधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली. आता म्हणते, यातच करिअर करायचं. तिचे बाबा म्हणतात, एकल वादक एखादाच होतो, बाकीचे जन्मभर क्लास घेतात. मुलीच्या फुंकेत तेवढी ताकद असते का, असं नातेवाईक विचारतात. शिवाय तिच्या दातांना तारा बसवायच्या आहेत. काय करावं?"

ताई,

मैफल जमली नाही म्हणून क्लास, असं तिच्या बाबांनी धरून चाललं आहे. बासरीत तसं कधीच नव्हतं. पन्नालाल घोष यांनी ही बांबूची नळी रागसंगीताच्या मंचावर आणली, पण त्यांनी सिनेमातही काम केलं आणि 1956 पासून दिल्ली आकाशवाणीवर वाद्यवृंद सांभाळला. हरिप्रसाद चौरसियांची सुरुवात 1957 साली कटक आकाशवाणीच्या नोकरीने झाली. मुंबईत जम बसल्यावर ते सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, बासरी धरायची बाजूसुद्धा बदलली. पुढे मुंबईत गुरुकुल काढलं, रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात शिकवलं. मैफल, नोकरी आणि शिष्य हे सगळं या व्यवसायात एकत्रच नांदतं.

मला काळजी वेगळीच वाटते. मुलं सतराव्या-अठराव्या वर्षीच शिकवण्या सुरू करतात. चार पैसे मिळतात, घरचेही खूश होतात, पण संध्याकाळ लहान मुलांना सा-रे-ग-म शिकवण्यात जाते आणि स्वतःचा रियाज सुटतो. म्हणून विशारद, म्हणजे मध्यमेपुढची परीक्षा, होईपर्यंत तिला क्लास घेऊ देऊ नका. नंतर जरूर घ्यावेत. आता परदेशातल्या मराठी घरांतली मुलंही ऑनलाइन शिकतात, त्यामुळे चांगल्या शिक्षकाला काम कमी पडत नाही.

फुंकेचं म्हणाल, तर नातेवाइकांना एकदा तिच्या रियाजाला बसवा. सहाही छिद्रं बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, येतो. तिथे जोर लावला तर स्वर उडून वरच्या सप्तकात जातो. तो हळू, सलग फुंकेनेच टिकतो, आणि एक बोट केसभर उचललं तरी फाटतो. मुलींची खरी अडचण असते ती बोटांच्या ताणाची. मैफलीत वाजते ती पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरातली) मोठी बासरी जवळपास अडीच फुटांची. ती घाईने हातात देऊ नका, छोट्या बासरीवरून गुरुजी टप्प्याटप्प्याने नेतील. देबोप्रिया आणि सुचिस्मिता या चटर्जी भगिनींचं वादन घरी सगळ्यांनी मिळून ऐका.

11वीला कला शाखा घ्या. सायन्स आणि प्रवेश परीक्षांचे क्लास धरले तर सकाळचा रियाज पहिल्या महिन्यातच जाईल. 12वीनंतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. पण आधी गुरू ठरवा, मग त्या गावातलं कॉलेज बघा. बहुतेक पालक नेमकं उलट करतात. पदवी लागते ती नोकरीसाठी: एम.ए. करून नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली की प्राध्यापकीचा रस्ता उघडतो. हात तयार होतो तो तालमीत.

18 ते 25 या वयात केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती मिळू शकते, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. आकाशवाणीची ऑडिशनही त्याच सुमारास द्यावी. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा तिथल्या श्रेणी आहेत, आणि आयोजक आजही श्रेणी विचारतात. पहिली काही वर्षं मैफलींची बिदागी प्रवासखर्चातच जाईल. कथकच्या कार्यक्रमांना साथ आणि स्टुडिओतलं रेकॉर्डिंग यांवर थोडंफार भागेल. तिच्या बाबांना सांगा, पंचविशीपर्यंत घरचा आधार लागेल असं धरूनच चला.

तारा पुढे ढकलू नका. सुरुवातीला ओठ आतून टोचतील, काही आठवडे स्वरात हवा जास्त येईल, ती घाबरेल. एवढंच बघा की तारा बसवल्यावर लगेच परीक्षा किंवा कार्यक्रम नसेल. दातांच्या डॉक्टरांना ती बासरी वाजवते हे आधी सांगा आणि गुरुजींनाही तारीख कळवून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत ते तिला लांब आलापाऐवजी बोटांचे पलटे, म्हणजे स्वरांचे उलटसुलट सराव, देतील.