‘का’ नको, ‘केव्हा’ विचार

लालबाग, मुंबई

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा दुपारी वाचलं आणि रात्री झोपण्याआधी पुन्हा वाचलं. विमानाचं तिकीट, रजा, आईचा गुडघा यांवर तू दोन पानं लिहिलीस आणि आजोबांची गोष्ट शेवटी चार ओळींत घाईघाईनं उरकलीस. मन कुठे अडकलंय ते त्या चार ओळींवरूनच कळलं. म्हणून मी त्यांच्याबद्दलच लिहिते आहे.

दर महिन्याच्या दहा तारखेला आजोबा तुझं बोट धरून लालबागच्या एका चाळीत न्यायचे. दुसऱ्या माळ्यावर एक म्हातारी बाई असायची. आजोबा तिच्या हातावर पन्नासाच्या दोन नोटा ठेवायचे, ती वहीत काहीतरी लिहायची आणि तुझ्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घालायची. जिना उतरताना आजोबा म्हणायचे, ‘घरी बोलायचं नाही हं.’ तू कधीच बोलली नाहीस. आता नऊ वर्षांनी घरी येते आहेस, आजोबा नाहीत, आणि तू विचारतेस की आजीला विचारू का, आणि काही भलतंच निघालं तर काय करू.

आधी माझ्या आजीच्या छत्रीबद्दल सांगते.

आजी अलिबाग तालुक्यातली. आमच्या चाळीतल्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर एक पुरुषी काळी छत्री टांगलेली असे, वेताच्या मुठीची. घरात माणशी एक छत्री कधीच नव्हती. भर पावसात मी आणि धाकटा भाऊ गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत गेलो आहोत, पण त्या छत्रीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, सगळ्या चाळीत मटणाचा वास दरवळायचा. बायका समया-निरांजनं चिंचेनं लख्ख घासून पाटावर मांडायच्या. आमच्याकडेही दिवे मांडले जायचे, पण चूल पेटत नसे. आदल्या दिवशीचं शिळं खायचं. दुपारी आजी ती छत्री खाली काढायची, अर्धीच उघडायची, बोटानं एकेका काडीला खोबरेल लावायची आणि पुन्हा खुंटीला अडकवायची. मला वाटायचं, हेही एक व्रतच असणार.

१९७७ साली मी नर्स म्हणून मँचेस्टरला गेले. आजी १९८४ साली गेली, तेव्हा मला येता आलं नाही. पहिल्यांदा आले ती १९८८ साली, अकरा वर्षांनी. पहिल्या पहाटे जाग आली आणि गिरणीच्या भोंग्याची वाट पाहत मी कितीतरी वेळ तशीच पडून राहिले. गिरण्यांच्या संपाची बातमी मला ठाऊक होती, पत्रांतून सगळं वाचलं होतं, तरी अंगाला ते माहीत नव्हतं. तुझंही असं होईल. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे हे तुला माहीत आहे, एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं हेही माहीत आहे. पण रस्ता ओलांडताना तुझे पाय जुन्याच वळणावर वळतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलताना त्यांची नावं दुरुस्त करू नकोस. ती व्हीटी म्हणतील, बोरीबंदर म्हणतील, एल्फिस्टन म्हणतील. त्यांच्या आठवणी त्याच नावांखाली ठेवलेल्या आहेत.

त्या खेपेला मी दोन मोठ्या चुका केल्या. त्या तुझ्या हातून होऊ नयेत म्हणून सांगते. मी लहानसा टेपरेकॉर्डर आणला होता. आत्याला समोर बसवलं, बटण दाबलं आणि विचारलं, ‘आजी ती छत्री का जपायची?’ आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘तुला आता काय करायचंय त्याचं?’ आणि तांदूळ निवडायला उठून गेली. दुसरी चूक त्याच संध्याकाळी झाली. पाण्याच्या वेळेवरून काही बोलणं निघालं आणि मी म्हटलं, ‘आमच्याकडे असं नसतं.’ आत्याचा हात क्षणभर थांबला. ‘आमच्याकडे’ म्हणजे मँचेस्टर! तो शब्द मला परत घ्यायला फार वर्षं लागली. तू मेलबर्नला ‘तिकडे’च म्हण, अगदी चुकूनसुद्धा ‘आमच्याकडे’ म्हणू नकोस.

मग मी आले २००४ च्या जुलैत. गटारीच्या दिवशी आत्या ओट्यापाशी बसून समई घासत होती, मी शेजारी बसून निरांजनं घासायला घेतली. काही विचारायचं मनातही नव्हतं. सहज भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नजर गेली. शनिवार, १७ जुलै. मी म्हटलं, ‘आत्या, आज सतरा जुलै. रामदास बुडाली तो दिवस.’

आत्याच्या हातातली चिंच तशीच राहिली. म्हणाली, ‘सतरा जुलै काय ते मला ठाऊक नाही. गटारी होती. मामा गटारीला घरी निघाला होता.’

पोरी, हे तुला नीट सांगायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून अलिबाग तालुक्यातल्या रेवसला निघाली. गटारीला घरी पोचायचं म्हणून गावाकडची माणसं तिच्यात भरली होती. धक्का सुटून फार वेळ झाला नव्हता, तेवढ्यात काश्याच्या खडकाजवळ पावसापाण्यात ती कलंडली. ६०० हून जास्त माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी समुद्रात टाकून माणसं वर ओढली, असं त्या किनाऱ्यावर आजही सांगतात. कोकणात रामदास कुणाला माहीत नाही? मलाही लहानपणापासून माहीत होती. पण मी ती तारखेनं ओळखत होते आणि आजी तिथीनं पाळत होती. गटारी कधी जुलैत येते, कधी ऑगस्टात. म्हणून छत्री आणि बोट माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटलीच नाहीत. साधारण १९ वर्षांनी तिथी फिरून त्याच तारखेच्या आसपास येते. १९४७ पासून २००४ म्हणजे असे तीन फेरे झाले होते. त्या वर्षी दोन्ही एका चौकटीत आल्या आणि मी त्या दिवशी नेमकी आत्याशेजारी बसले होते.

मामा म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. आमच्याच खोलीत राहून गिरणीत बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काम करायचा. छत्री त्याची. आत्या म्हणाली, ‘घाईत विसरून गेला. आई धावत जिन्यापर्यंत गेली होती.’ तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती. पुढच्या आठवड्यात पनवेलला काकांकडे गेले, त्यांना हे सांगितलं. ते त्या वेळी सहा वर्षांचे होते. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘विसरला नव्हता. आईनंच दाराआड लपवली होती. शोधत बसला की बोट चुकेल, मग इथंच जेवेल, असं तिला वाटलं. तो तसाच भिजत गेला.’

यातलं खरं कोणतं, मला माहीत नाही. मी दोघांची गाठ घालून दिली नाही, आत्याला काकांचं बोलणं सांगितलं नाही. आत्या गेली तेव्हाही तिच्या मनात आई धावत जिन्यापर्यंतच गेली होती. माझ्यातल्या नर्सला वाटतं की काकांचं खरं असावं, कारण माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक ज्या वस्तूला चिकटतात तिच्यात बहुतेक वेळा आपला काहीतरी दोष पाहत असतात. नातीला मात्र तसं म्हणवत नाही. दोन्ही तशाच जवळ ठेवल्या आहेत.

आता तुझ्या आजोबांकडे येते. मी सांगते तो अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण तुझ्या चार ओळींत एक गोष्ट फार मोलाची आहे, ती म्हणजे दहा तारीख. १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात पगार दहा तारखेच्या आत द्यावा लागे. गिरणगावात पगाराचे दिवस म्हणजे हेच. आणि पगार हातात आला की एकटा राहणारा गडी पहिल्यांदा कुठे जाई? खानावळीचं देणं द्यायला. तूच लिहिलंस की आजी आणि मुलं तेव्हा गावाला होती, आजोबा गाळ्यात, म्हणजे एकाच खोलीत, दहा-बारा जणांबरोबर राहायचे. मग त्यांना दोन वेळा जेवू कोण घालत होतं?

या खानावळवाल्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एकाच खोलीत संसार, तिथेच चूल, आणि पाळ्यांप्रमाणे जेवायला येणारे गडी. वाण्याची उधारी असे, ती भागवायला दागिने गहाण पडत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आठ-पंधरा दिवसांत मिटेल असं वाटत होतं, म्हणून बायकांनी उधारीवर जेवू घातलं. संप मिटला नाही. तो रीतसर मागेसुद्धा कधी घेतला गेला नाही. गडी एकेक करून गावाला निघून गेले, काही न सांगता, कारण सांगायला तोंड नव्हतं. बायकांच्या वह्यांत त्यांची नावं तशीच राहिली.

तुझे आजोबा पुढे वॉचमन झाले, तिथला पगार एक तारखेला होत असेल नाहीतर पाच तारखेला. तरी ते जायचे दहालाच. आणि ती बाई वहीत लिहायची. एवढ्यावरून मला जे दिसतं ते तुलाही दिसेल. घरी बोलायचं नाही, याचं कारण कदाचित इतकंच असेल की तेव्हा घरात शंभर रुपयांचीही ओढ होती.

हे चुकीचंही असू शकतं. तू घाबरत घाबरत जे सुचवलं आहेस तेही असू शकतं. तसं निघालं, तर त्या बाईच्या ओंजळीतले गूळ-शेंगदाणे तू खाल्ले आहेस एवढं लक्षात ठेव आणि तिच्याबद्दल वाईट शब्द तोंडातून काढू नकोस.

आजीला विचारायचं तर ‘आजोबा त्या बाईकडे का जायचे’ असं मुळीच विचारू नकोस. ‘का’ म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. तिच्याबरोबर मेथी निवडायला बस आणि विचार, आजोबा एकटे होते तेव्हा जेवायचे कुठे? तुम्ही सगळे गावाहून मुंबईला केव्हा आलात? संपात ते गावाला किती दिवस होते? केव्हा, कुठे, काय जेवलात, याची उत्तरं म्हाताऱ्या माणसांना द्यायला आवडतात. त्यांतूनच पुढचं आपोआप बाहेर येतं, नाही आलं तर राहू दे. फोन रेकॉर्डिंगला लावून शेजारी ठेवू नकोस. रात्री वहीत लिहून काढ, तिचेच शब्द वापरून.

कागदांचंही सांगून ठेवते. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी बहुतेक कुटुंबांनी अर्ज भरले होते, तुझ्या बाबांनीही भरला असेल. त्या फाइलमध्ये आजोबांचं गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, गिरणीतलं खातं म्हणजे विभाग, विम्याचं कार्ड असं काहीतरी सापडेल. त्यावरून गिरणी कळेल, गिरणीवरून आजूबाजूच्या चाळी कळतील.

चाळ पाडून टॉवर झाला असेल तर हात टेकू नकोस. तू येते आहेस ती गणपतीत, हे फार चांगलं आहे. विरार, बदलापूर, डोंबिवलीला गेलेले जुने भाडेकरू आपापल्या चाळीच्या गणपतीला हटकून येतात. रांग लावायच्या मोठ्या गणपतीकडे जाऊ नकोस. चाळीचा स्वतःचा जो छोटा गणपती असतो, तिथे आरतीच्या आधी तासभर जाऊन बस. मंडळाच्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याकडे वर्गणीच्या वह्या असतात आणि त्यांत खोलीवार नावं असतात. दुसरा माळा, जिन्याला लागून कितवी खोली, एवढं तुला आठवत असेल तर पुरे आहे. नसेल आठवत तर डोळे मिटून जिना चढून बघ. लहानपणी चढलेला जिना पायांना आठवतो.

बाईंचं कुणी भेटलं तर हिशेब विचारू नकोस. आजोबांचं नाव सांग आणि नमस्कार कर. वही त्यांनी आपणहून दाखवली तर बघ.

गणपती उठले की एक दिवस माझ्यासाठी ठेव. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाऊ. मी अजून गेलेली नाही. इतकी वर्षं इथे राहून धक्क्यापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. एकटीनं होत नाही.

छत्री माझ्याकडे आहे, आत्यानं दिली. यंदाच्या गटारीला काड्यांना तेल लावताना कापड शिवणीपाशी उसवलं. चिंचपोकळीला छत्र्या दुरुस्त करणारा एक जण पावसाळ्यात बसतो. त्याला दाखवली, तर तो म्हणाला की काड्या अजून उत्तम आहेत, नवीन कापड चढवून देतो, वापरता येईल. मी काही न बोलता घरी घेऊन आले. वापरायची की नाही, ते तू आलीस की दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मावशी